आटे गेलेला बोल्ट घरी दुरुस्त करताना

गुरुजी, तुमचा प्रश्न मला जसा कळला तसा आधी मांडतो, म्हणजे वाचणाऱ्या इतरांनाही संदर्भ लागेल. गाडी जुनी, पेट्रोलची. थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापलं की पाण्याची वाट उघडणारी झडप, तिच्या झाकणातून पाणी झिरपत होतं म्हणून तुम्ही नंदगडला घरीच गॅस्केट बदललं. झाकणाला दोन बोल्ट. त्यातला एक कसताना हाताला आधी कडक लागला, मग एकाएकी मऊ पडला आणि नुसताच फिरायला लागला. बाहेर काढला तर बोल्टच्या आट्यांत चांदीच्या तारेसारखं काहीतरी गुंडाळलेलं. ओळखीतला एक जण म्हणाला टेफ्लॉन टेप गुंडाळून बसवा, दुसरा म्हणाला एपॉक्सी भरा, तिसरा म्हणाला आठचा बोल्ट घाला, आणि एका गॅरेजात तर हेडच, म्हणजे हे झाकण ज्यावर बसतं तो इंजिनाचा वरचा भागच, बदलायला सांगितलं. तुम्ही विचारता की हेलिकॉइल, म्हणजे गेलेल्या आट्यांच्या जागी बसवायची तारेची स्प्रिंग, घरी बसवता येईल का.

येईल. हेड बदलायची काहीही गरज नाही. बेळगावात ३४ वर्षं मी इंजिनांचंच काम करतोय, आणि असा एक बोल्ट गेला म्हणून हेड भंगारात टाकायची वेळ माझ्यावर कधी आली नाही. पण या कामात एक जागा अशी आहे, जिथे चूक झाली तर साधं काम खरंच हेडपर्यंत जातं. ती जागा म्हणजे ड्रिल. टॅप मारणं, म्हणजे भोकात आटे पाडणं, आणि कॉइल बसवणं हे शिकवता येतं आणि पहिल्याच खेपेला जमतंही. ड्रिल तिरकं गेलं किंवा खोल गेलं तर मात्र मागे येता येत नाही. म्हणून ड्रिलबद्दल मी सगळ्यात जास्त लिहिणार आहे.

ती चांदीची तार म्हणजे तुमच्या हेडमधले आटेच. बोल्ट पोलादाचा, हेड ॲल्युमिनियमचं. बोल्ट कसताना सगळे आटे सारखा भार घेतात असं आपल्याला वाटतं, पण तसं नसतं. तोंडाजवळचा पहिला आटा एकटाच साधारण एक तृतीयांश भार घेतो, दुसरा त्याहून कमी, आणि तळाकडच्या आट्यांना फारसं काही करावंच लागत नाही. त्यामुळे जास्त कसलं की आधी पहिला आटा कापला जातो, त्याचा भार दुसऱ्यावर येतो, मग तो जातो, आणि पिशवीची चेन उसवावी तसे सगळे ओळीने निघतात. हाताला जो एकाएकी मऊपणा लागला तो हाच.

आता मूळ कारण बघूया, कारण ते राहिलं तर नवे आटेही जातील. तुम्ही एवढं का कसलंत? पाणी थांबत नव्हतं म्हणून. आणि पाणी थांबत नव्हतं ते बोल्ट सैल होता म्हणून नव्हे. माझ्याकडे येणाऱ्या अशा दहातल्या सात-आठ गाड्यांत झाकणाचे कान, म्हणजे बोल्टाची भोकं असलेल्या बाजू, वाकलेले असतात किंवा गॅस्केट बसते ती जागा खड्डे पडून खराब झालेली असते. आपल्याकडे रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी ओतायची सवय आहे. उन्हाळ्यात निपाणीला जाताना गाडी तापली की वाटेत जो नळ दिसेल त्याचं पाणी भरतात. त्या क्षाराच्या पाण्याने ॲल्युमिनियमचा पृष्ठभाग वाळवी लागल्यासारखा खाल्ला जातो. झाकण काढून त्याच्या तोंडावर स्टीलची पट्टी उभी धरा आणि उजेडाकडे करून बघा. पट्टीखालून मधे उजेड दिसला तर कान वाकलेत. जाड काच सपाट ठेवा, तिच्यावर आधी २२० नंबरचा आणि मग ४०० नंबरचा पॉलिशपेपर पसरा, थोडं पाणी शिंपडा आणि झाकण हलक्या हाताने गोल गोल घासा, मधून मधून पाव फेरा वळवत. सगळीकडे एकसारखी घासल्याची खूण आली की थांबा. दहा मिनिटांचं काम आहे. ते केलं की बोल्टवर जोर काढायची वेळच येत नाही.

आता भोकाकडे वळू. बोल्टला दहाचा पाना लागतो असं तुम्ही लिहिलंय, म्हणजे तो ६ मिलिमीटरचा, एम-६. बारा किंवा तेराचा पाना लागला असता तर ८ चा असता. एम-६ ची पिच १ मिलिमीटर, म्हणजे एका पूर्ण फेऱ्यात बोल्ट बरोबर १ मिलिमीटर आत जातो. पट्टी न लावता फेरे मोजून तुम्हाला लांबी कळते. शेजारचा चांगला बोल्ट झाकणासकट हाताने फिरवून बघा. आटा धरल्यापासून डोकं टेकेपर्यंत किती फेरे होतात? सात झाले तर फक्त ७ मिलिमीटर आटे पकडीत आहेत. ॲल्युमिनियममध्ये पोलादी बोल्टाला त्याच्या जाडीच्या दीड ते दुप्पट लांबीची पकड हवी, म्हणजे ६ च्या बोल्टाला ९ ते १२ मिलिमीटर. मऊ धातूत ताकद येते ती पकडीच्या लांबीतून. ती कमी असेल तर कितीही कसलं तरी भरून निघत नाही.

मग भोकाची खोली मोजा. आत साचलेलं पाणी कापसाने टिपून घ्या, सायकलची तार भोकात तळाला टेकेपर्यंत घाला, तोंडाशी अंगठ्याच्या नखाने धरून बाहेर काढा आणि पट्टीवर मोजा. समजा भोक १५ मिलिमीटर खोल आहे आणि बोल्ट आत ७ च मिलिमीटर जात होता. मग तळाचे पाच-सहा आटे अजून शाबूत असण्याची बरीच शक्यता आहे, कारण त्यांना आजवर कुणी हातच लावलेला नाही. अशा वेळी जुन्यापेक्षा ५ मिलिमीटर जास्त लांब बोल्ट आणा, ८.८ ग्रेडचा, डोक्यावर तो आकडा उठवलेला असतो. हाताने घालून बघा. तळाशी नीट धरला आणि शेवटचे पाचही फेरे घट्ट लागले, तर एवढ्या हलक्या जागेला ते पुरतं. पुढचं काही करू नका. बोल्ट तळाला आपटत नाही एवढी खात्री मात्र करून घ्या. तळाला टेकलेला बोल्ट हाताला कडक लागतो आणि झाकण तर सैलच राहतं.

बोल्ट विकत घेताना आपल्या भागात एक घोळ हमखास होतो, तो सांगून ठेवतो. आपल्याकडे शेतीपंप, ऊस तोडायची-ओढायची अवजारं, गुऱ्हाळाचे चरक यांमुळे हार्डवेअरच्या दुकानात सुती बोल्ट अजून भरपूर असतात. दोन सुती म्हणजे पाव इंच, म्हणजे ६.३५ मिलिमीटर. त्याला एका इंचात २० आटे, म्हणजे पिच १.२७ मिलिमीटर. इंग्लंडात व्हिटवर्थने १८४१ मध्ये मांडलेलं हे माप, त्याच्या आट्याचा कोन ५५ अंश. तुमच्या मेट्रिक बोल्टाचा कोन ६० अंश. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात. दोन सुती बोल्ट ६ च्या भोकात दीड-दोन फेरे जातो, मग अडतो, मग माणूस पाना लावतो आणि ॲल्युमिनियमचे आटे सोलून काढतो. पिच गेज नसेल तर जुना आणि नवा बोल्ट एकमेकांना आट्याला आटा लावून उजेडात धरा. दात दातात पूर्ण बसले आणि मधून उजेड आला नाही तर पिच एकच. खिशातून जुना बोल्ट नेल्याशिवाय नवा घ्यायला जाऊच नका.

लांब बोल्टाने भागलं नाही तर मग कॉइल. बाकीच्या सल्ल्यांचं थोडक्यात सांगतो. टेफ्लॉन टेप फक्त फट भरते, ओढ घेत नाही, गरम झाल्यावर बोल्ट सैल होणारच. एपॉक्सी पुट्टी टॅपेट कव्हरसारख्या ठिकाणी एखादं वर्ष तग धरेल. इथे मात्र थर्मोस्टॅट उघडतो तेच ८२ ते ८८ अंशांना, मागून पाण्याचा दाब असतो, आणि रोज गरम-गार होणं चालूच. आठचा बोल्ट घालायचा तर झाकणाचा कान पोखरावा लागतो, मग कानात धातूच उरत नाही.

कॉइल म्हणजे स्टेनलेस स्टीलच्या शंकरपाळ्यासारखा छेद असलेल्या तारेची स्प्रिंग. भोक थोडं मोठं करून त्यात मोठे आटे पाडायचे आणि ही स्प्रिंग त्यात बसवायची. स्प्रिंगच्या आतल्या बाजूला पुन्हा तेच एम-६ चे आटे तयार होतात, त्यामुळे बोल्ट पूर्वीचाच चालतो. ही नाइलाजाची दुरुस्ती आहे असं बऱ्याच जणांना वाटतं. तसं नाही. ॲल्युमिनियमवरचा भार आता ६ ऐवजी ७ मिलिमीटरहून जाड घेरावर पसरतो आणि बोल्ट घासतो तो स्टीलवर. जागा मूळच्यापेक्षा मजबूत होते. विमानांच्या मऊ धातूच्या भागांत अशा कॉइल कारखान्यातूनच बसवलेल्या असतात.

एम-६ साठीच्या किटमध्ये ६.३ मिलिमीटरचं ड्रिल, खास टॅप, कॉइल बसवायची किल्ली आणि कॉइल येतात. टॅपकडे नीट बघा. त्याच्यावर एम-६ लिहिलेलं असलं तरी तो साध्या एम-६ टॅपपेक्षा जाड असतो, बाहेरून सुमारे ७.३ मिलिमीटर. साधा टॅप इथे चालत नाही. कॉइल ९ मिलिमीटर लांबीची घ्या, म्हणजे जाडीच्या दीडपट. भोक १२ मिलिमीटरपेक्षा उथळ निघालं तर ६ ची घ्यावी लागेल.

आता ड्रिल. मी शिकाऊ होतो तेव्हाची गोष्ट आहे. एका गाडीच्या हेडवर असंच ६ चं भोक मोठं करायचं होतं. मेस्त्री बाहेर गेले होते. मी इलेक्ट्रिक ड्रिल उचललं, खोली मोजली नाही, ड्रिलवर खूण केली नाही. ॲल्युमिनियम ड्रिलला स्वतःच आत ओढून घेतं, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. हाताला एक झटका बसला, ड्रिल चकापर्यंत, म्हणजे त्याला धरणाऱ्या जबड्यापर्यंत, आत गेलं आणि भोकातून हिरवं पाणी वर आलं. मी वॉटर जॅकेट, म्हणजे हेडमधली पाण्याची पोकळी, फोडलं होतं. हेड उतरवावं लागलं, आर्गन वेल्डिंग करून तोंड पुन्हा मशीनवर सपाट करावं लागलं. गाडीमालकांच्या मुलीचं लग्न आठवड्यावर होतं आणि त्यांची गाडी पाच दिवस आमच्याकडे उघडी पडून राहिली. खर्च मेस्त्रींनी सोसला. ते घरी कानडी बोलायचे, माझ्याशी मराठी. त्या दिवशी ते एकच शब्द दोनदा म्हणाले, "सावकाश, सावकाश." आपल्याकडे हा शब्द दोन्ही भाषांत एकच आहे. आजही मी भोकावर ड्रिल टेकवतो तेव्हा तो कानात असतो.

म्हणून तुम्हाला सांगतो, हे भोक इलेक्ट्रिक ड्रिलने मारू नका. गरजच नाही. आटे सोलून गेलेलं तुमचं भोक आधीच सहाच्या जवळपास झालंय, ते ६.३ करायचं म्हणजे एका बाजूने जेमतेम दीड-दोन दशांश मिलिमीटर काढायचं. दातेरी चाकाचं जुनं हातड्रिल किंवा टी-हँडलला लावलेलं चक, एवढं पुरतं. तळाशी शाबूत आटे असतील तिथे थोडा जास्त जोर लागेल, पण तो हाताने भागतो, आणि हाताला कळतंही की आपण कुठे आहोत.

सरळपणा राखायला एक साधन करून घ्या. पंचवीस मिलिमीटर जाडीचा लोखंडाचा तुकडा, झाकणाएवढा. त्याला दोन भोकं, एक ६.३ चं आणि दुसरं ६.५ चं, झाकणाच्या दोन भोकांत जेवढं अंतर असेल तेवढ्याच अंतरावर. नवं गॅस्केट त्या तुकड्यावर ठेवून खुणा करा म्हणजे अंतर चुकत नाही. ही भोकं घरी पाडू नका. बेळगावला याल तेव्हा तिसऱ्या रेल्वे गेटच्या पुढे उद्यमबागेत कुठल्याही लेथवाल्याकडे द्या, तो ड्रिल मशीनच्या टेबलावर काटकोनात पाडून देईल. किर्लोस्करांनी १८८८ साली सायकलच्या दुकानापासून सुरुवात केली ती याच गावात. पुढे १९१० मध्ये त्यांनी किर्लोस्करवाडी वसवली, पण लोखंडाला आकार देणारे हात इथे टिकले, फाउंड्र्या वाढल्या, आणि आजही अर्ध्या तासात असं काम करून देणारा माणूस तुम्हाला इथे भेटतो. त्याला सांगा, "ड्रिल गाइड पाहिजे, भोक बिलकूल काटकोनात." तो समजेल.

हा ठोकळा हेडवर झाकणाच्या जागी ठेवा आणि शेजारच्या चांगल्या भोकातून ३५ मिलिमीटर लांब बोल्ट घालून तो बसवा. ठोकळा पंचवीसचा, म्हणजे बोल्टाचे १० मिलिमीटर आत पकडतात. कसायचा नुसता हलेनासा होईल इतकाच, नाहीतर दुसरंही भोक दुरुस्तीला येईल. आता ६.३ चं भोक तुमच्या खराब भोकाच्या बरोबर डोक्यावर आलं आणि ड्रिलला वाकडं जायला जागाच राहिली नाही.

हे सगळं इंजिन पूर्ण गार असताना. गरम असताना रेडिएटरचं झाकण उघडलं तर वाफ तोंडावर येते, त्याने भाजलेली माणसं मी पाहिलीत. ठोकळा बसवण्याआधीच कूलंट थर्मोस्टॅटच्या पातळीखाली येईपर्यंत बादलीत काढून घ्या आणि बादलीवर झाकण ठेवा. कूलंट चवीला गोड असतं आणि विषारी असतं, कुत्री-मांजरं ते पितात आणि मरतात. थर्मोस्टॅट काढून ठेवा आणि त्याच्या जागेच्या तोंडात चिंधी कोंबा. चिंधीला लांब दोरी बांधा आणि दोरीचं दुसरं टोक बॉनेटच्या कुलपाला अडकवा. इंजिनात विसरलेली चिंधी शोधायला मी एकदा अख्खी दुपार घालवली आहे.

ड्रिलच्या टोकापासून २५ मिलिमीटर ठोकळ्याचे आणि त्यापुढे भोकाची खोली वजा एक, एवढं अंतर मोजून चिकटपट्टी गुंडाळा. भोक १५ खोल असेल तर २५ अधिक १४, म्हणजे ३९ मिलिमीटरवर. मूळ तळाच्या १ मिलिमीटर आधी थांबायचं, त्या पलीकडे काय आहे ते तुम्हाला दिसत नाही. ड्रिलच्या खाचा ग्रीसने भरा, म्हणजे बुरा ग्रीसला चिकटून बाहेर येतो. दोन-तीन फेरे फिरवा, बाहेर काढा, पुसा, पुन्हा ग्रीस लावा. असं चार-पाच वेळा. पट्टी ठोकळ्याला टेकली की काम झालं. ठोकळा काढा आणि भोकाची कड थोडी मोठ्या ड्रिलने, नुसत्या बोटांनी फिरवून, जराशी मोडा. ही कड मोडली नाही तर टॅप मारताना तोंडाशी धातू वर उचलला जातो आणि झाकण बसत नाही.

टॅपला ॲल्युमिनियम चिकटतं, म्हणून त्याला ओलं ठेवावं लागतं. पूर्वी आम्ही रॉकेल वापरायचो, अजूनही त्याच्यासारखं काही नाही. ते मिळालं नाही तर डब्ल्यूडी-४० चालतं. टॅप भोकाच्या तोंडावर ठेवा, दोन फेरे गेल्यावर थांबा आणि छोटा गुण्या हेडवर उभा करून टॅपला दोन बाजूंनी लावून बघा, समोरून आणि शेजारून. तिरका असेल तर आत्ताच उलटा काढा आणि पुन्हा सुरू करा. चार फेऱ्यांनंतर तो सुधारत नाही. सरळ असेल तर अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे. मागे फिरवलं की आतला बुरा तुटतो, टिक्क असा बारीक आवाज येतो, हाताला कळतो. तो आवाज आला की पुढे. हात जड झाला तर पूर्ण बाहेर काढून साफ करा. टॅप आत मोडला तर तो काढणं हे या सगळ्या कामापेक्षा मोठं काम आहे. कडक पोलाद असतं, ड्रिल त्याच्यावर चालत नाही. किटमधला टॅप टोकाला निमुळता असेल तर तळापर्यंत पूर्ण आटे पडत नाहीत हे धरून चला. ९ च्या कॉइलसाठी १० मिलिमीटरभर पूर्ण आटे पडले की पुरे.

भोक साफ करा. सायकलच्या पंपाने हवा मारा, डोळ्यांवर चष्मा हवाच. आत बुऱ्याचा कण किंवा पाण्याचा थेंब राहू देऊ नका. बंद भोकात द्रव साचलेला असताना बोल्ट कसला तर तो द्रव कुठेच जाऊ शकत नाही आणि दाबाने कास्टिंगला तडा जातो.

कॉइल हातात घेऊन बघा, तिच्या एका टोकाला तारेचं आडवं शेपूट असतं. किल्लीच्या खाचेत ते अडकवा आणि कॉइल भोकात फिरवत न्या. दाबायचं नाही. दाबलं तर ती एक आटा सोडून पुढच्यात शिरते. मोकळी असताना ती भोकापेक्षा जाड असते, किल्ली तिला शेपटाने ओढत बारीक करत नेते, आणि सोडली की फुगून आट्यांना घट्ट धरते. म्हणून तिला चिकटवायला काही लागत नाही. वरचं टोक हेडच्या पृष्ठभागाखाली पाव ते अर्धा फेरा गेलं की थांबा. वर राहिली तर झाकण तिच्यावर टेकेल. वाकडी गेली किंवा आटा सुटला तर चिमट्याने ओढून काढा आणि नवी घाला. काढलेली पुन्हा वापरता येत नाही.

शेवटी शेपूट तोडायचं. त्याच्या मुळाशी खाच असते. भोकात मावेल असा सपाट टोकाचा पंच शेपटावर ठेवून हातोडीचा एकच छोटा ठोका द्या, तुटतं. तुटलेला तुकडा बाहेर आल्याशिवाय पुढे जायचं नाही. लोहचुंबकाच्या भरवशावर राहू नका, ही तार स्टेनलेसची असते, चुंबकाला नीट लागत नाही. सुईच्या टोकाला ग्रीस लावा आणि त्याने उचलून घ्या.

नवा बोल्ट हाताने आत जाऊ द्या. कॉइलमध्ये तो थोडा घट्टसर, एकसारखा फिरतो, ते बरोबर आहे. मग दोरी ओढून चिंधी बाहेर काढा आणि थर्मोस्टॅट जागेवर ठेवा. गॅस्केट, झाकण, मग दोन्ही बोल्ट आळीपाळीने थोडे थोडे कसा. एम-६ ला ॲल्युमिनियममध्ये साधारण १० न्यूटन-मीटर पुरतात. तुमच्या गाडीच्या पुस्तकात वेगळा आकडा असेल तर तो धरा. टॉर्क पाना नसेल तर असा अंदाज घ्या की १५ सेंटीमीटर लांबीच्या पान्याच्या टोकाला सात किलोची ओढ म्हणजे १० न्यूटन-मीटर. तेच तुम्ही पाव मीटरच्या रॅचेटवर वीस किलोने ओढलं तर ५० होतात, पाचपट. बहुतेक सहाचे बोल्ट असेच मरतात, मोठ्या पान्याने आणि चांगल्या हेतूने. पाना टोकाला धरू नका, डोक्याजवळ मुठीत धरा आणि मनगटानेच कसा.

एवढं वाचून इतर बोल्टांनाही हात घालावासा वाटेल, म्हणून कुठे घालू नये तेही सांगतो. हेडचे मोठे बोल्ट, कनेक्टिंग रॉडचे, क्रँकच्या बेअरिंग कॅपचे, ब्रेक कॅलिपरचे, स्टिअरिंगचे आणि सीटबेल्टचे, यांचे आटे गेले तर घरी काही करू नका. तिथे आटा सुटला तर इंजिन जातं, नाहीतर माणूस. स्पार्क प्लगच्या भोकाचंही तसंच. तिथे बुरा थेट सिलिंडरमध्ये पडतो आणि तारेची कॉइल कधी कधी प्लगबरोबरच बाहेर निघून येते. तिथे कॉलर असलेला भरीव बुश, म्हणजे आतून-बाहेरून आटे असलेली जाड नळी, बसवावा लागतो, आणि तो मशीन शॉपमध्येच. पण प्लगचे आटे जाऊ नयेत हे तुमच्या हातात आहे. गरम हेडमधून प्लग कधीच काढू नका, आणि नवा प्लग पहिले सहा-सात फेरे नुसत्या बोटांनी घाला. ऑइल सम्प, म्हणजे इंजिनाखालचं ऑइलचं भांडं, त्याच्या नटाचे आटे गेले तर तिथे कॉइलच्या भानगडीत न पडता सम्प खाली उतरवून बुश बसवून घ्या, काम सोपं होतं आणि बुरा ऑइलमध्ये पडत नाही.

आता झाकण बसलं. पाईप जोडा. बोअरचं पाणी नको. तयार कूलंट घ्या, किंवा पाणी न मिसळलेलं जाडं कूलंट असेल तर बॅटरीच्या पाण्यात निम्मं-निम्मं करून भरा. हीटर पूर्ण गरमवर ठेवून रेडिएटरचं झाकण न लावता इंजिन चालू करा, थर्मोस्टॅट उघडला की पातळी खाली जाते आणि बुडबुडे येतात, ते थांबेपर्यंत भरत राहा. मग झाकण लावा, शेजारच्या बिडी गावापर्यंत एक फेरी मारून या आणि गाडी रात्रभर गार होऊ द्या. सकाळी पांढरा कागद घडी करून थर्मोस्टॅटच्या झाकणाखालून फिरवा. हिरवट डाग आला तर पाना उचलू नका, झाकण उतरवून तोंडं पुन्हा पट्टी लावून बघा, आणि मला फोटो पाठवा. कागद कोरडा निघाला तर कूलंटची पातळी पाहून बॉनेट बंद करा.